अक्काचा कागद

माझी सगळी नोकरी लोकांचे कागद उतरून घेण्यात गेली. यावलच्या रजिस्टर कचेरीत कारकून म्हणून लागलो तेव्हा मला बाविसावं सरत होतं. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी पास आणि अक्षर वळणदार, एवढ्या भांडवलावर ती जागा मिळाली. कचेरी भाड्याच्या घरात होती. पुढच्या खोलीत साहेबांचं टेबल, मधल्या खोलीत आम्ही दोघे कारकून आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत लोखंडी कपाटांत पुस्तकं. बाहेर लिंबाखाली अर्ज लिहून देणारे बसत.

काम सोपं होतं. कोणी शेत विकलं, घर गहाण टाकलं, वाटणी केली, बक्षीस दिलं, की तो कागद आमच्याकडे येई. साहेब देणाऱ्याला विचारत, हा मजकूर तुझा का, ही सही तुझी का. तो हो म्हणाला आणि दोन माणसांनी त्याला ओळखलं, की कागद माझ्याकडे येई. मी तो एक नंबरच्या पुस्तकात शब्दाला शब्द उतरवून घेई. कागदात 'उत्तरेस'च्या जागी 'उतरेस' असेल तर मीही 'उतरेस'च लिही. दुरुस्त करायचा अधिकार आम्हाला नव्हता.

आमचे सब-रजिस्ट्रारसाहेब देशावरचे, दम्याने पोखरलेले, पण शिस्तीचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं आणि जुनं एक पुस्तक उघडून दाखवलं. "या माणसाचं घर जळालं, त्याबरोबर खतही जळालं. पण त्याच्या नातवाने येऊन नक्कल मागितली आणि आम्ही ती दिली. त्याच्यासाठी ही कचेरी आहे," ते म्हणाले. "कागद खरा की खोटा ते कोर्ट बघेल. अमुक माणूस अमुक दिवशी आपल्यासमोर आला आणि हे माझं म्हणाला, एवढंच आपण लिहायचं. पण एकदा लिहिलं की ते पुसता येत नाही, आणि ते सगळ्या जगाला कळवलं असं कायदा धरून चालतो."

मला ते फार आवडलं. सगळ्या जगाला कळवणाऱ्या कचेरीत आपण बसतो, या गुर्मीत मी दोनतीन वर्षं काढली. घरीदारी कचेरीतली भाषा बोलायला लागलो. 'नही'चं 'नाही' झालं, 'मले'चं 'मला' झालं. त्यावरून अक्का मला हसायची.

अक्का माझी सख्खी बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. पुढे तिचं लग्न होईपर्यंत माझं न्हाणंखाणं तिनेच पाहिलं. तिला दिलं होतं सावद्याच्या वाटेवरच्या एका गावात. गावाचा तालुका मात्र आमचाच, यावल. मेहुणे अबोल, पण मातीत हात चांगला. त्यांच्या वाटणीला आलेल्या पडीक तुकड्यावर त्यांनी विहीर खोदली आणि केळी लावली. मूलबाळ झालं नाही, पण त्यावरून त्यांनी अक्काला कधी शब्द लावला नाही की दुसरी बायको केली नाही. त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणत असू, ते शेजारीच राहत. दोघा भावांची वाटणी वडील गेले तेव्हाच झालेली, पण तोंडी. चार माणसांसमोर बांध घातला आणि झालं. आमच्याकडे बहुतेक घरांत अशाच वाटण्या होत.

एका माघात मेहुणे पोटाच्या दुखण्याने गेले. दिवसकार्य आटोपलं आणि आठ दिवसांनी अक्का माझ्याकडे यावलला आली. पदराखालून तिने एक स्टँपाचा कागद काढला.

"यांनी आजारात लिहिला," ती म्हणाली. "मले म्हणे, मी गेलो तर हा तुझ्या भावाले दे. तो कचेरीत हाय, त्याले समजते."

कागद मेहुण्यांच्याच हातचा होता. ते चौथीपर्यंत शिकलेले. ओळी वरखाली झालेल्या, पण मजकूर स्वच्छ. वाटणीने आलेला मळा, त्यातली विहीर आणि राहतं घर त्यांनी बायकोला बक्षीस दिलं होतं. खाली त्यांची सही, आणि साक्षीदार दोन: एक शेजारचे म्हातारे आबा आणि दुसरे खुद्द नाना. नानांची सही मी ओळखली. म्हणजे वाटणी झाली होती हे नानांनी त्या कागदावर कबूल केलेलंच होतं.

"फक्त हा रजिस्टर झालेला नाही," मी म्हणालो.

"मंग कर की. तू तठीच त बसतो."

मी हसलो. दुसऱ्या दिवशी साहेबांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचला. बक्षिसाचा कागद रजिस्टर झाल्याशिवाय त्याची किंमत शून्य, हे मलाही ठाऊक होतं. लिहिल्या तारखेपासून चार महिन्यांच्या आत तो कचेरीत यायला हवा. "देणारा गेला तरी हरकत नाही," साहेब म्हणाले. "साक्षीदारांना आणा. त्यांनी येऊन सांगितलं की आमच्यासमोर सही झाली, की आपण नोंद करू. पण मुदत सांभाळा. आणि हे बघा, कागद आजच दाखल करून टाका, साक्षीदार मागाहून येऊ देत."

हे वाक्य त्यांनी स्पष्ट उच्चारलं होतं. ते मला ऐकू आलं नव्हतं, असं म्हणून मी स्वतःला कधी फसवलं नाही.

मी तो दाखल केला नाही. का, याचं उत्तर मी पुष्कळदा स्वतःशी जुळवून पाहिलं आहे आणि ते प्रत्येक वेळी तितकंच क्षुद्र निघतं. मला वाटलं, नानांना न सांगता कागद कचेरीत टाकला आणि मग त्यांना समन्स गेलं, तर ते म्हणतील, कालचा पोर आमच्यावर कायदा चालवतो. अक्काला राहायचं त्यांच्याच शेजारी. शिवाय माझ्या लग्नात नाना वडिलांच्या जागी उभे राहिले होते. भीड भिकेची बहीण म्हणतात. माझ्या बाबतीत मी भीड धरली आणि भीक बहिणीच्या वाट्याला आली.

फाल्गुनात मी गावी गेलो. नाना ओसरीवर अडकित्त्याने सुपारी कातरत होते. मी कागद पुढे केला. त्यांनी तो हातात धरून लांबून पाहिला.

"हा, मीच सही केली. धाकट्याचा शब्द म्हणजे माझा शब्द," ते म्हणाले. "येऊ की कचेरीत. होळी होऊ दे."

होळी झाली. मी निरोप धाडला. पाडवा होऊ दे, म्हणून उलट निरोप आला. मधेच शेजारचे आबा, ते दुसरे साक्षीदार, चार दिवसांच्या तापाने गेले. आता साक्षीदार एकटे नाना उरले. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. नाना गोड बोलले. जेवू घातलं, केळीच्या पानावर पुरण वाढलं. आणि मग म्हणाले, "भाऊ, जळगावात माझ्या ओळखीचे वकील हायेत. एकदा त्यांच्या डोळ्याखालून घालतो. धाकट्याने घाईत लिहिला, काही उणं राह्यलं असंल त आत्ताच पाहून घेऊ. दे कागद. चार दिवसांत घेऊनच येतो कचेरीत."

मी दिला.

दर दिवशी पाचसहा परक्यांचे कागद मी उतरून घेत होतो. कोणाच्या म्हशीच्या गोठ्याची चतुःसीमा, कोणाच्या पडक्या भिंतीचा हक्क, सगळं शाईने वळणदार लिहून ठेवत होतो. माझ्या बहिणीचा तो एक कागद महिनाभर माझ्या ट्रंकेत होता आणि त्याची साधी नक्कल मी करून ठेवली नाही. घरात दौत होती, टाक होता, अर्ध्या तासाचं काम होतं.

चार दिवसांचे पंधरा झाले, महिना झाला. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, आली. आमच्या खानदेशात लेकी त्या सणाला माहेरी येतात. अक्काचं माहेर म्हणजे माझंच घर. तिचं वर्ष दुःखाचं, म्हणून सण करायचा नव्हता, पण तिला चार दिवस मोकळं वाटावं म्हणून मी जाऊन घेऊन आलो. गल्लीत पोरींनी लिंबाला झोके बांधले होते, गाणी चालली होती. अक्का उंबऱ्यात बसून ऐकत होती. मी पाणी प्यायला आत निघालो तर तिने विचारलं, "भाऊ, कागद दिला ना कचेरीत?"

"दिला," मी म्हणालो.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "मले रातंदिस तीच काळजी."

ते बोललो तेव्हा मला वाटलं होतं की आठवड्याभरात खरोखरच दिलेला असेल, मग या शब्दाचं खोटं उरणार नाही. आखाजीनंतर मुदतीचे जेमतेम बारा दिवस राहिले होते. अक्काला पोचवायला गेलो तेव्हा नानांना ओसरीवर गाठलं आणि अक्का शेजारी आपल्या घरात गेल्यावर हळूच विचारलं, "नाना, तो कागद?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संकोचही नव्हता.

"कोनता कागद, भाऊ?"

"बक्षिसाचा. तुम्ही वकिलांना दाखवायला नेलात तो."

"असा कागद मी पाह्यला नही," ते म्हणाले. "धाकटा आन मी एकत्र होतो. वाटनी कधी झाली? असंल काही त दाखव."

आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. मी ओरडायला हवं होतं, गाव गोळा करायला हवं होतं. मी पायांत वहाणा घातल्या आणि निघालो. यावलपर्यंत पायी चालत आलो.

पुढचं सरकारी रीतीने झालं. मेहुण्यांच्या जागी वारस लावायचा म्हणून तलाठ्याने फेरफार नोंदवला: एकत्र कुटुंबातला भाऊ वारला, हयात राहिलेल्या थोरल्या भावाचं नाव दाखल. नोटीस चावडीवर लागली होती, हरकतीची मुदत दिली होती. चावडीवर लावलेलं आमच्या गावच्या बायका कधी वाचत नसत. त्या तिथून जाताना पदर ओढून मान खाली घालत. मला कळलं तेव्हा नोंद मंजूर होऊन गेली होती. मी मामलेदार कचेरीत गेलो. तिथला अव्वल कारकून माझ्या ओळखीचा. त्याने हक्कनोंदणीचं पुस्तक उघडून दाखवलं आणि म्हणाला, "ही नोंद आता खरी धरायची, कोणी खोटी ठरवीपर्यंत. तुमच्याकडे कागद आहे का?"

जळगावला एका वकिलाकडेही गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुसरा साक्षीदार?" मी म्हणालो, वारला. "वाटणीच्या वेळची चार माणसं?" मी नावं सांगितली. त्यातले एक ते वारलेले आबाच, दोघे नानांचे शेजारी, एक व्याही. ते येणार नाहीत हे वकिलांनी माझ्या तोंडावरून ओळखलं. मग त्यांनी विचारलं, "आपण काय करता?" मी सांगितलं. समोरच्या फायलीची नाडी त्यांनी सोडली आणि पुन्हा बांधली.

अक्काला मी यातलं काही सांगितलं नाही. आपल्या जुन्या घरात ती राहतच होती, मळ्यात जातच होती. शेतसारा कोणाच्या नावावर भरला जातो याची तिला गरज पडली नव्हती. नानाही तिला काही बोलले नाहीत. त्यांना फुकटात राबणारं माणूस मिळालं होतं. ती भेटली की विचारायची, "कागद नीट हाय ना?" मी म्हणायचो, "आहे." असं तीन वर्षं चाललं. इतकं खोटं मी आयुष्यात दुसऱ्या कोणाशी बोललो नाही.

मग नानांनी मळा विकायला काढला. घेणारे होते सावद्याचे एक मारवाडी शेटजी, केळीचा व्यापार करणारे. माणूस सावध. हक्कनोंदणीत नानांचं एकट्याचं नाव असूनही ते म्हणाले, "घरात विधवा आहे. तिचा अंगठा संमतीला पाहिजे, नाहीतर उद्या आम्हाला त्रास." नानांनी कबूल केलं. खरेदीखत लिहून झालं. शेवटी एक कलम घातलं, की मयत भावाच्या बायकोचा या मिळकतीवर कसलाही हक्क नाही आणि या विक्रीला तिची राजीखुशीने संमती आहे. त्या दिवशी सकाळी खत साहेबांच्या टेबलावर आलं तेव्हा ते आमच्याच घरचं आहे हे मला माहीत नव्हतं. बाहेर बैलगाडी थांबली, त्यातून नाना उतरले, मागून शेटजींचा मुनीम, आणि सगळ्यात शेवटी अक्का.

तिला सांगितलं होतं की शेतसाऱ्याच्या कागदावर अंगठा लागतो. मला आत बसलेलं पाहून तिला बरं वाटलं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिच्यासाठी ते भावाचं घर होतं.

नानांची कबुली झाली. साहेबांनी अक्काला पुढे बोलावलं. ती निरक्षर म्हणून त्यांनी शिरस्त्याप्रमाणे मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. मळ्याचा सर्व्हे नंबर आला, विहीर आली, केळीची खोडं आली. अक्काने पदर डोक्यावर नीट घेतला आणि मधेच म्हणाली, "हा त माझा मळा हाय."

नाना हसले. "बाईमाणूस, साहेब. तिले काय समजते."

"समजते," अक्का म्हणाली. ती साहेबांकडे पाहत बोलत होती, पण हात माझ्याकडे केला होता. "माझ्या मालकाने तो मले लिहून देला. तो कागद याच कचेरीत हाय. माझ्या भावाने ठेवला. ईचारा त्याले."

साहेब खुर्चीत मागे वळले. तीन वर्षांपूर्वीचा तो कागद त्यांना आठवत असणार, त्यांची आठवण चोख होती. माझ्याजवळचा दुसरा कारकून लिहायचा थांबला.

"काय हो," साहेब मला म्हणाले, "आहे का असा दस्त आपल्याकडे?"

मी उभा राहिलो. अक्का माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत जराही शंका नव्हती.

"नाही, साहेब."

"दाखल झाला होता?"

"नाही."

"मग कुठे आहे?"

मी नानांकडे पाहिलं. नाना खिडकीबाहेर बैलांकडे पाहत होते. "मी यांच्याकडे दिला होता," मी म्हणालो. "वाचायला."

"त्याची नक्कल?"

"केली नाही."

साहेबांचा श्वास घरघरत होता. माझ्या आयुष्यात मी दिलेली ती एकमेव खरी जबानी, आणि ती कुठल्याच पुस्तकात उतरली नाही. ती लिहून घेण्याचं आमचं काम नव्हतं.

साहेब पुन्हा अक्काकडे वळले. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "बाई, कागद नाही. तुमच्या नावाने इथे काहीच नाही. आता मी तुम्हाला एवढंच विचारू शकतो. या मजकुराला तुमची संमती आहे का?"

मला वाटलं, ती रडेल. नाहीतर अंगठा देऊन मोकळी होईल. कागद नाही म्हटल्यावर झगडायला तिच्याजवळ उरलं काय होतं? अक्काने माझ्यावरची नजर काढून घेतली.

"नही," ती म्हणाली.

"बाई," नाना दातावर दात ठेवून म्हणाले, "घरी जायाचं हाय आपल्याले."

"कागद नसंल त नसंल," ती साहेबांना म्हणाली. "मळा माझा नही असं मी माझ्या अंगठ्याने सांगनार नही. काय करायचं ते करा."

नाकारलेल्या दस्तांसाठी आमच्याकडे एक वेगळं पुस्तक असे, दोन नंबरचं. वर्षातून दोनतीनदाच ते निघे. साहेबांनी ते मागवलं आणि कारण सांगितलं. मी लिहून घेतलं: संमती देणार म्हणून नाव घातलेल्या बाईने मजकूर नाकबूल केला, सबब तिच्यापुरता दस्त नोंदण्यास नकार. माझं अक्षर त्या दिवशीही वळणदारच आलं.

साहेबांनी मुनिमाला विचारलं, नानांपुरती नोंद करायची का. मुनीम यावलच्याच बाजारात थांबलेल्या शेटजींकडे गेला आणि तासाभराने परतला. शेटजींना असला माल नको होता. त्यांनी खत परत घेतलं.

म्हणजे अक्काचा नकार चालला. त्या दिवसापुरता का होईना, मळा तिने थांबवला. मी एवढी वर्षं कायदा शिकून जे केलं नाही, ते तिने एका शब्दात केलं होतं. पण परतीच्या गाडीत नानांनी तिला बसू दिलं नाही. तिचं गाठोडं दुसऱ्या दिवशी गड्याच्या हाती माझ्या दारात येऊन पडलं. दोन लुगडी, एक तांब्या, मेहुण्यांचं पागोटं.

ती माझ्याकडे अकरा दिवस होती. माझ्या बायकोशी बोलायची, माझ्या मुलीची वेणी घालायची. माझ्याशी गरजेपुरतं. पाचव्या का सहाव्या दिवशी मला राहवलं नाही. मी तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "अक्का, मी भिडेखातर गप्प राहिलो गं. नानांना दुखवायचं नव्हतं."

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"तू नही बोल्ला, ते मी समजले असते," ती म्हणाली. "पन तू मले 'हाय' म्हने. तीन वर्सं म्हने. मी त्याच्यावर झोपले."

बाराव्या दिवशी ती जळगावला गेली. आमच्या गल्लीतली एक बाई तिथल्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जात असे, तिच्या ओळखीने. मी म्हणालो, मी आहे ना, इथेच राहा. ती म्हणाली, "इथं राह्यले त तुझ्या हातचं खाव लागंल." वाईट शब्दांत नाही बोलली. भाकरीला मीठ कमी आहे असं सांगावं तसं बोलली.

दोन वर्षांनी नानांनी मळा दुसऱ्या कोणाला विकला. घेणाऱ्याने संमतीबिमती मागितली नाही. तोवर माझी बदली धुळ्याला झाली होती, म्हणून ते खत दुसऱ्या कोणी उतरून घेतलं. धुळ्यात मी तेच काम केलं. तिथेही चतुःसीमा होत्या, विहिरी होत्या, 'राजीखुशीने' हा शब्द प्रत्येक कागदात होता. नवे कारकून येत, त्यांना मी पुस्तकं दाखवी. साहेबांची ती वाक्यं मात्र मी कोणाला ऐकवली नाहीत. ती खोटी होती म्हणून नव्हे. ती खरीच होती. नोंद राहते, हे खरं. पण ज्याला दारापर्यंत कागद आणायला धड माणूस मिळतो त्याचीच राहते. बाकीच्यांच्या नावाने ती पुस्तकं कोरी असतात आणि तो कोरेपणाही कोर्टात पुरावा म्हणून उभा राहतो.

जळगावला मी अधूनमधून जात असे. अक्का जिनामागच्या वस्तीत पत्र्याच्या खोलीत राहायची. लढाईचे दिवस होते, धान्य मापाने मिळायचं. मी नेलेलं ती ठेवून घ्यायची आणि माझ्यादेखत शेजारणीला द्यायची. माझ्या मुलीची चौकशी करायची. भाऊबिजेला तिने मला कधी बोलावलं नाही. मी एकदा आपणहून त्या दिवशी गेलो, तर खोलीला कडी होती. शेजारीण म्हणाली, ती बाजारात गेली आहे. सणाच्या दिवशी जिन बंद, बाजार बंद. मी थोडा वेळ थांबलो आणि स्टेशनवर परत आलो.

ती गेली तेव्हा मला तिसऱ्या दिवशी कळलं. कापसाच्या धुळीने छातीचं दुखणं झालं होतं, असं बायका म्हणाल्या. सगळं त्यांनीच उरकलं होतं. खोली झाडून तिथे दुसरं बिऱ्हाडही आलं होतं. मेलेल्या माणसाची नोंद म्युनिसिपालिटीत करावी लागते, तेवढं तरी आपण करावं म्हणून मी तिथे गेलो. खिडकीतल्या कारकुनाने पुस्तक उघडलं आणि बोट फिरवत म्हणाला, "झालेली आहे ही नोंद. जिनातली एक बाई येऊन सांगून गेली. आपण कोण?"

मी म्हणालो, "ओळखीचा."

त्याने पुस्तक माझ्याकडे फिरवलं. नाव बरोबर होतं. नवऱ्याचं नाव बरोबर होतं. वयाच्या रकान्यात पंचावन्न लिहिलं होतं. अक्का चव्वेचाळीस वर्षांची होती. चूक दाखवायची तर नातं सांगावं लागलं असतं, खाली सही करावी लागली असती. मागे तीनचार माणसं उभी होती. मी बाजूला झालो आणि त्यांना पुढे जाऊ दिलं.